चोवीस नंबरचं दुसरं बिऱ्हाड

१

साइमा कांगासच्या स्वयंपाकघरातला स्पीकर दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी एकच्या सुमारास मुका व्हायचा आणि साडेतीन-चारला आपोआप बोलू लागायचा. बाकीचे पाच दिवस कसलीच तक्रार नसायची. हे कोणाचं काम आहे, याबद्दल साइमाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"मारितेसचं," ती म्हणाली. "जाता जाता काहीतरी करून गेली बघ. आधी रेइनोचा टॅब चोरला, आता हा डबा बिघडवून सूड उगवतेय."

मार्चचा पहिला आठवडा होता. कॅनडातल्या आमच्या थंडर बे गावात रस्त्याच्या दोन्ही कडांना अजून कमरेएवढा बर्फ होता. मी बूट दारात काढून मोज्यांवरच टेबलाशी बसलो होतो. साइमाने माझ्यापुढे कॉफी आणि वेलदोडा घातलेला गोड पाव ठेवला. सत्त्याहत्तर वर्षांची ही बाई डोळ्यांनी जवळजवळ अधू झालेली. समोरच्या माणसाचा चेहरा तिला धुरकट डागासारखा दिसतो. पण कॉफी ओततानाचा तिचा हात कधी चुकत नाही. कपात बोटाचं पेर घालून मोजते.

तिचा नवरा रेइनो माझा उस्ताद. टेलिफोन कंपनीत बावीस वर्षं मी त्याच्या हाताखाली खांबांवर चढलो. कंपनी सोडून मी घरोघरी वाय-फाय दुरुस्त करायचा धंदा काढला, तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं. एकटा रेइनो म्हणाला, "दारिओ, वायर गेली तरी गाठ राहतेच. लोकांना गाठ सोडवणारा लागतोच." नोव्हेंबरात तो गेला. घशाचा कॅन्सर.

आवाज जाणार हे कळल्यावर त्याने एक काम केलं होतं. आपल्या जुन्या टॅबवर साइमासाठी एकतीस निरोप बोलून ठेवले होते. "मी गेल्यावर रोज एक ऐक. महिना निघेल तुझा," असं म्हणाला होता. ज्या बाईला पत्र वाचता येत नाही, तिच्यासाठी हा खजिनाच होता.

"नऊ ऐकले मी," साइमा म्हणाली. "हेल्वी रोज येऊन लावून द्यायची. मला त्या काचेवर काय दाबायचं ते कुठे दिसतंय? दहाव्या दिवशी कपाट उघडलं तर टॅब नाही. सगळं घर पालथं घातलं."

"दुसरीकडे उतरवून ठेवले नव्हते ते निरोप?"

"रेइनोने? आपल्या हातातलं यंत्र सोडून दुसऱ्या कशावर विश्वास ठेवायचा का तो?"

हेल्वी ही साइमाची धाकटी बहीण. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली, अविवाहित. आणि मारितेस ही दुपारी घरकामाला येणारी फिलिपिनो बाई. मंगळवार-गुरुवार, एक ते चार. जेवण करायची, औषधं मोजून द्यायची, साइमाला आंघोळ घालायची. जानेवारीत हेल्वीने सांगितलं की, मारितेसला रेइनोच्या खणात हात घालताना मी डोळ्यांनी पाहिलं. साइमाने एजन्सीला फोन केला. चौकशी होईपर्यंत मारितेसचं काम बंद झालं. चौकशी अजून चालूच होती.

"आता तिच्या दिवशी कोण येतं?"

"हेल्वीच की. म्हणाली, परक्या बायका नकोत आता, मी येईन मंगळवार-गुरुवार. नाहीतर आधी रविवारी मीच तिच्याकडे जायची. देव तिचं भलं करो."

साइमाने सूप मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं. स्पीकर बरोब्बर त्याला खेटून उभा होता. नाताळात तिचा मुलगा टिमो याने कॅलगरीहून पाठवलेला. एकच्या बातम्या सुरू झाल्या, मायक्रोवेव्ह घरघरला आणि निवेदकाचा आवाज वाक्याच्या मध्यात तुटला.

मी हसलो. "साइमा, हा घ्या तुमचा चोर. मायक्रोवेव्हच्या लहरी आणि वाय-फायच्या लहरी एकमेकींचे पाय ओढतात."

मी स्पीकर उचलून खिडकीशी नेला. तेवढ्यात दार वाजलं आणि हेल्वी आत आली. उंच, सडपातळ, कानांत गाणी ऐकायच्या वायरी. त्या काढून तिने खिशात कोंबल्या.

"दारिओ! बरं झालं आलास. काय, त्या चोरटीचे प्रताप निस्तरतोयस?"

"मायक्रोवेव्हचे प्रताप," मी म्हणालो आणि स्पीकर पुन्हा बोलतो का हे न बघताच मोठ्या तोऱ्यात घरी गेलो.

मंगळवारी एक वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला.

"दारिओ," साइमा म्हणाली, "मायक्रोवेव्हची वायरच काढून ठेवलीये मी. तरी तो मुका झालाय."

२

बुधवारी सकाळी मी तळघरात उतरलो. राउटर तिथे भिंतीवर होता. शेजारी रेइनोने हाताने केलेली लाकडी फळी, त्यावर वायरींच्या ओळी, एकही वाकडी नाही. 

राउटर हा घरातला पोस्टमन. प्रत्येक यंत्राला तो एक नंबर देतो, चाळीतल्या खोलीला असतो तसा. बातम्या, गाणी, सगळं त्या नंबरवर नेऊन टाकतो. त्याखेरीज प्रत्येक यंत्राला कारखान्यातून मिळालेली जन्मखूण असते. नंबर बदलेल, पण सहसा ही खूण बदलत नाही. कोण कधी आलं, कधी गेलं, हे राउटर लिहून ठेवतो.

मी ती यादी उघडली. स्वयंपाकघरातल्या स्पीकरचा नंबर चोवीस. पण मंगळवारी बारा छप्पनला चोवीस नंबरवर भलतीच जन्मखूण उगवली होती. तीन चाळीसला ती गेली. मागच्या गुरुवारी एक वाजून दोन मिनिटं ते तीन अडतीस. त्याआधीच्या मंगळवारी जवळपास तेच. एका खोलीत दोन बिऱ्हाडं घुसली होती. पोस्टमनला कळेना बातम्या कोणाच्या दारात टाकायच्या, म्हणून स्पीकर उपाशी.

राउटर स्वतः एक नंबर दोघांना देत नाही. म्हणजे दुसऱ्या यंत्राला तो नंबर कोणीतरी हाताने, कायमचा लिहून दिला होता. असं करणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला होता.

फळीला दोरीने बांधलेली निळी वही होती. रेइनोचं अक्षर. घरातलं प्रत्येक यंत्र, त्याचा कायमचा नंबर, त्याची जन्मखूण. वीस, छपाईयंत्र. एकवीस, बैठकीतला स्पीकर. बोट खाली सरकवलं.

चोवीस. टॅब.

जन्मखूण मी तीनदा ताडून पाहिली. एकेक अक्षर जुळलं. टॅब गेला, चोवीस नंबरची खोली रिकामी पडली, आणि नाताळात आलेल्या नव्या स्पीकरला राउटरने ती देऊन टाकली. आता जुना भाडेकरू परत येत होता.

मी तिथेच पायरीवर बसलो. चोरीला गेलेला टॅब आठवड्यातून दोनदा, दुपारी एकला, चालू स्थितीत, या घराच्या आत किंवा अंगणात येत होता. कोणाच्या तरी हातात.

३

"म्हणजे ती बाहेर घुटमळते!" साइमाने टेबलावर हात आपटला. "आपल्या जुन्या वेळेला येते, खिडकीखाली उभी राहते. मला आंधळीला काय दिसणार!"

"उणे पंधरामध्ये अडीच तास?"

"रागात माणूस काहीही करतो."

"साइमा, या घराची किल्ली कोणाकडे आहे?"

"हेल्वीकडे. आणि लॉर्नकडे, बर्फ काढतो म्हणून. मारितेसची मी परत घेतली."

लॉर्न हा पलीकडच्या घरातला शेजारी, रेल्वेतून निवृत्त झालेला युक्रेनी वळणाचा बाप्या. त्याच्या आणि साइमाच्या गॅरेजची भिंत एकच. मी गेलो तेव्हा तो बर्फ ढकलायचं यंत्र पुसत होता. मी वाय-फायचा विषय काढताच त्याचे कान लाल झाले.

"हो, वापरतो तिचं वाय-फाय! रेइनोनेच दिला होता पासवर्ड. तू काय पोलीस झालास की काय आता?"

"मंगळवारी-गुरुवारी दुपारी एकला कुठे असतोस?"

"इथेच. कचऱ्याची गाडी मंगळवारी, तेव्हा तिचे डबे आत घेतो. गुरुवारी तिच्या पायऱ्यांवर मीठ टाकतो. का रे? बायकोसुद्धा इतका हिशोब मागत नाही."

"रेइनोचा टॅब पाहिलास कधी?"

त्याने फडकं खाली टाकलं. "हे बघ दारिओ, रेइनोने माझी दारू सोडवली. त्याच्या बायकोच्या कपाटात हात घालीन मी? तुला असा संशय येतो तरी कसा?"

माणूस खरा वाटत होता. पण खरं वाटणं आणि खरं असणं यांत बरंच अंतर असतं, हे मी खांबावर शिकलोय. त्याच्याकडे किल्ली होती, पासवर्ड होता, वेळही जुळत होती. मी निघालो तेव्हा तो मागून ओरडला.

"आणि तो तिचा डबा नेहमीच बिघडतो असं नाही बरं का! वादळाच्या गुरुवारी मी चारदा पायऱ्या साफ केल्या. दुपारभर तिच्याकडे कॉफी पीत बसलो, हॉकीच्या गप्पा ऐकत. सलग चालला!"

मी थबकलो. फेब्रुवारीतलं ते वादळ. शाळा बंद, दुकानं बंद, सकाळपासून शहरातली एकही बस सुटली नव्हती.

मी परत तळघरात गेलो, ती तारीख काढली. चोवीस नंबरवर दिवसभर एकटा स्पीकर. दुसरं बिऱ्हाड त्या दिवशी फिरकलंच नव्हतं. आणि लॉर्न दुपारभर घरात होता.

लॉर्न सुटला. राहिल्या दोघी.

४

मारितेस आता एका बेकरीत होती. गुलाबी आयसिंग लावलेले ते आमच्या गावचे दालचिनीचे बन, ज्यांना इथले लोक पर्शियन म्हणतात, ती खोक्यात भरत होती. गुरुवारी साडेबाराला मी गेलो. रांग ओसरल्यावर ती टेबलाशी येऊन बसली. हातावर पीठ, डोळ्यांखाली काळं.

"साइमाने पाठवलं?"

"नाही. मी आपणहून आलो."

"मग विचारा. एजन्सीने विचारलं, पोलिसांनी विचारलं. तुम्हीच राहिला होतात."

"खणात हात घातला होता?"

"घातला होता. औषधाच्या गोळ्या त्याच खणात असतात. आले की दर वेळी घालायची. हेल्वीबाईंना ठाऊक होतं ते. त्यांनीच गोळ्या तिथे ठेवायला सांगितल्या होत्या." तिने बोटांवरचं पीठ चोळलं. "मला चोर म्हटल्याचं दुःख आहेच. पण साइमाने मला एकदा विचारलंसुद्धा नाही. दीड वर्षं मी तिची पाठ चोळली. रेइनोला शेवटचे घास मी भरवले. फोन केला तो थेट एजन्सीला. माझा कॅनडात कायम राहण्याचा अर्ज त्या नोकरीवर होता. आता सगळं लटकलंय."

"मंगळवारी दुपारी कुठे होतीस?"

"इथे. सकाळी सहा ते दोन, रोज इथेच." ती उठली. "विचारा कोणालाही. माझ्या शब्दाला आता काय किंमत?"

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजायला दोन मिनिटं होती. मी दुसरी कॉफी घेतली आणि बसून राहिलो. मारितेस माझ्यासमोर खोक्यांना दोरी बांधत होती. एक वाजून चार मिनिटांनी फोन थरथरला.

"दारिओ, आत्ता बंद पडला," साइमाचा आवाज. "बातम्या लागल्याच नाहीत."

पाठीमागून हेल्वीचा आवाज आला, काळजीने भिजलेला. "सांग त्याला साइमा, तीच असणार. मी आत्ताच बसमधून उतरले, तीसुद्धा त्याच बसमध्ये असेल तर काय घ्या!"

मी फोन कानाशी धरून मारितेसकडे पाहत राहिलो. ती गाठ मारत होती.

हेल्वी बसने येते. वादळाच्या दिवशी बस नव्हती.

५

पुढच्या मंगळवारी मी अकरालाच साइमाकडे गेलो. रात्री झोप लागली नव्हती. उस्तादाच्या बायकोला तिची बहीण चोर आहे हे सांगायचं, तेही एका यादीच्या भरवशावर.

मी सांगितलं. सगळं, क्रमाने. साइमा हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली.

"चूक होत नाही तुझ्या त्या यंत्राला?"

"होते. मायक्रोवेव्हच्या बाबतीत माझीच झाली. म्हणून माणसंही तपासली. लॉर्न वादळात इथे होता, टॅब नव्हता. मारितेस गुरुवारी माझ्या नजरेसमोर होती, टॅब इथे आला. तुमच्या घरी मंगळवारी-गुरुवारी एकला येणारं आणि वादळात न आलेलं एकच माणूस राहतं. आणि टॅब चालू असतो, साइमा. नुसता लपवलेला टॅब दोन दिवसांत मरून जातो. कोणीतरी तो रोज चार्ज करतं, बसमध्ये ऐकत येतं. हेल्वीच्या कानांत वायरी असतात."

"ती चर्चचं प्रवचन ऐकते."

मी तिचा कप तिच्या हाताशी सरकवला.

"नऊ निरोप तिनेच लावून दिले," साइमा हळूच म्हणाली. "माझ्याशेजारी बसून. माझा हात धरून रडली ती." तिने खिडकीकडे तोंड वळवलं. "तिने का चोरावा? मागितला असता तर दिला नसता का मी?"

"ते मला यादीत सापडलं नाही."

"मग एक वाजू दे," साइमा म्हणाली.

आम्ही बसलो. स्पीकरवर कोणीतरी बागेच्या मातीबद्दल बोलत होतं. बारा पंचावन्न. बारा छप्पन. बारा सत्तावन्नला माळ्याचा आवाज तुटला. समोरच्या थांब्यावरून बस निघून गेल्याचा आवाज आला. मग पायऱ्यांवर बुटांचा बर्फ झटकल्याचा.

"साइमा, आलेय गं!"

६

"पिशवी टेबलावर ठेव," साइमा म्हणाली.

हेल्वीने माझ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "झडती घेतेस माझी?"

"मला दिसत नाही, म्हणून हाताने बघते. ठेव."

हेल्वीने कानांतल्या वायरी काढल्या. त्यांचं दुसरं टोक पिशवीत गेलं होतं. ती हसायला गेली, पण जमलं नाही. तिने पिशवी छातीशी धरली आणि खुर्चीत बसली.

"एकोणिसावा ऐकू नकोस," ती म्हणाली. "बाकी सगळे ऐक. तेवढा नको. मी तुझ्यासाठीच..."

"दारिओ, एकोणिसावा लाव."

मी तिच्या पिशवीतून टॅब काढला. काच गरम होती. साइमाच्या सांगण्यावरून मी तो लावला. रेइनोचा आवाज, शेवटच्या महिन्यांतला, खरवडलेला, स्वयंपाकघरात आला. मी टॅब टेबलावर ठेवला.

"साइमा, आज एक गोष्ट सांगायची आहे. एकोणीसशे सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात, टिमोच्या वेळी, तू तीन महिने हॉस्पिटलात पडून होतीस. त्या तीन महिन्यांत मी तुला फसवलं. ती कोण, ते मी सांगणार नाही. ते तिचं तिने ठरवावं. समोर बसून सांगायला हवं होतं. सेहेचाळीस वर्षं रोज सकाळी ठरवलं, पण धीर झाला नाही. आता तू रागावलीस तरी मला ऐकू येणार नाही, म्हणून सांगतोय. भेकड आहे मी."

मग एक श्वास, आणि खट्ट.

पहिल्यांदा साइमाच बोलली.

"त्याने नाव घेतलं नाही."

"मला वाटलं तू ओळखशील."

"नसतं ओळखलं, हेल्वी. तू काहीच केलं नसतंस तर जन्मात ओळखलं नसतं. त्या उन्हाळ्यात मीच तुला पत्र लिहून बोलावलं होतं, रेइनोला दोन घास करून घालायला. हॉस्पिटलात पडून रोज तुझ्यासाठी प्रार्थना करायची मी. माझी बहीण किती राबतेय म्हणून!"

"मी चोवीस-पंचवीस वर्षांची होते."

"मी एकतीसची. पोट घेऊन पाठीवर पडलेली." साइमाचा आवाज चढला नाही, उलट बारीक होत गेला. "बरं, लपवायचंच होतं, तर फोडून तळ्यात का नाही टाकलास? सुपिरिअर सरोवर काय लांब आहे?"

हेल्वी रडू लागली. "त्याचा आवाज आहे गं त्यात."

"म्हणजे माझ्यासाठी नाही लपवलास. माझा नवरा माझ्याशी बोलत होता, आणि तू बसमध्ये बसून ऐकत होतीस. माझे बावीस निरोप."

"मीही सेहेचाळीस वर्षं गप्प राहिले, साइमा. मला एक शब्दही नाही ठेवला त्याने. एकतीसमध्ये एकही माझ्यासाठी नाही."

हे ऐकून क्षणभर मलाच तिची कीव आली. साइमाला आली की नाही, ठाऊक नाही. तिने टेबलावर चाचपडत टॅब शोधला आणि त्याच्यावर तळहात ठेवला.

"आणि मारितेस? तिने तुझं काय घोडं मारलं होतं?"

"तू सारखं विचारत होतीस, कोण, कोण. काहीतरी सांगावं लागलं. ती गेली असती दुसऱ्या घरी. अशा बायकांना काम मिळतं."

"अशा बायकांना." साइमाने तेवढेच शब्द परत उच्चारले. मग माझ्याकडे तोंड वळवलं. "दारिओ, परतीची बस कितीची आहे?"

"एक पन्नासची."

"हेल्वी, एक पन्नासची पकड. किल्ली टेबलावर ठेव."

"साइमा, आपण दोघीच उरलोय. आईबाप नाहीत, रेइनो नाही..."

"ठाऊक आहे मला कोण उरलंय ते. किल्ली."

किल्ली लाकडावर पडल्याचा आवाज झाला. दार लागलं. साइमा उठली नाही. बाहेर थांब्यावर उभ्या असलेल्या हेल्वीच्या खांद्यांवर भुरभुर बर्फ पडत होता. मी खिडकीतून पाहत होतो आणि साइमा विचारत होती, "गेली? गेली का बस?"

"अजून नाही."

"त्याने मला सांगितलं, कारण मी उत्तर देऊ शकणार नव्हते," ती म्हणाली. "आता भांडू कोणाशी? या काचेशी? दोघांनीही माझा गळा केसाने कापला, दारिओ, आणि एक तर मरून मोकळा झाला."

मला रेइनोच्या बाजूने बोलायचं होतं. बावीस वर्षं ज्याने माझी दोरी धरली, त्याच्याबद्दल काहीतरी चांगलं.  मी तिची कॉफी गरम करून आणली, एवढंच.

बस आली आणि गेली.

७

दुसऱ्या दिवशी साइमाने एजन्सीला फोन केला. नंतर पोलिसांना. दोन्हीकडे मी आकडे सांगितले, तारखा सांगितल्या, रेइनोची वही दाखवली. टिमोला मात्र तिने काही कळवलं नाही. "त्याच्या जन्माची गोष्ट आहे. ती त्याला फोनवर नको," म्हणाली. स्पीकरला मी नवा नंबर दिला, त्याचं दुखणं मिटलं. टॅब साइमाने कपाटात ठेवला. उरलेले निरोप ऐकले का, हे मी विचारलं नाही.

एजन्सीने मारितेसला पत्र पाठवलं, दिलगिरीचं. परत कामावर या, कांगासबाईंनाही तुम्हीच हव्या आहात, असं. मारितेसने एजन्सीला हो कळवलं आणि कांगासबाईंना नाही.

शनिवारी सकाळी साइमाने मला बोलावलं. अंगावर चर्चला घालायचा निळा कोट होता. "बेकरीत ने मला."

"फोनवर बोललात तरी चालेल."

"फोनवरच तर घात केला होता मी तिचा."

शनिवारची रांग दारापर्यंत होती. साइमाने माझा दंड धरला होता. मी तिला पुढे न्यायला गेलो तर तिने ओढून थांबवलं. "रांगेत उभी राहीन." वीस मिनिटं उभी राहिली. गल्ल्याशी पोचल्यावर तिने हात पुढे करून काचेचा अंदाज घेतला आणि मान वर केली.

"मारितेस, तूच आहेस ना?"

"हो."

"मी साइमा कांगास," ती मोठ्याने म्हणाली. रांगेतले लोक बोलायचे थांबले. "या बाईला मी चोर म्हटलं. गावभर म्हटलं. ती चोर नाही. माझ्या घरात चोर होता, माझ्या रक्ताचा होता. मी हिला एका शब्दाने विचारलं नाही, कारण हिच्यावर संशय घेणं सोपं होतं. हे सगळ्यांनी ऐकावं म्हणून इथे आलेय."

मारितेसच्या हातात बनांचं उघडं खोकं तसंच राहिलं. कोणीतरी खोकलं. मागे भट्टीचं दार आपटलं.

"मी परत येणार नाही तुमच्याकडे," मारितेस म्हणाली.

"ठाऊक आहे. बोलवायला नाही आले."

"रोज रात्री वाटायचं, तुमचा फोन येईल. एवढंच विचाराल, मारितेस, घेतलास का गं? मी नाही म्हटलं असतं, तुम्ही बरं म्हटलं असतं. संपलं असतं."

"हो," साइमा म्हणाली. "तेवढंच करायचं होतं."

तिला आणखी बोलायचं होतं, पण ती वळली. माझा हात सुटला होता. गल्ल्यापासून बसायच्या जागेत उतरायला एक उंच पायरी आहे, ती तिला दिसणं शक्यच नव्हतं. मी पुढे झालो, पण माझ्याआधी मारितेस पोचली. खोकं ठेवून ती गल्ल्याच्या फळीखालून वाकून बाहेर आली होती. तिने साइमाचं कोपर धरलं, दीड वर्षं धरलं होतं तसं, खालून, घट्ट.

"पायरी आहे," ती म्हणाली. "उजवा पाय आधी. हां."

खुर्ची ओढून तिने साइमाला बसवलं, कोटाची टोकं तिच्या मांडीवर सारखी केली. चेहऱ्यावर हसू नव्हतं, मायाही नव्हती. मग हात ॲप्रनला पुसत ती गल्ल्यामागे गेली.

"पुढचं कोण?" तिने विचारलं.